चारित्र्याला अनुदान मिळते का?

नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण इथल्या एसटीच्या रस्त्यांवरचे एक दृश्य बदललेले नाही. कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी, कर्जत, कुठेही उतरा. थोडे चालल्यावर वडाच्या झाडाचे बोधचिन्ह असलेली शाळेची नाहीतर कॉलेजची पाटी दिसते. आत गेले की मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे पांढऱ्या दाढीच्या एका धिप्पाड माणसाची तसबीर असते. कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था मूळची सातारा जिल्ह्यातली, पण नगर जिल्ह्याने ती इतकी आपली मानली की इथल्या पुष्कळ घरांत आजोबा, वडील आणि नातू असे तिघेही रयतचेच विद्यार्थी निघतात.

मी या जिल्ह्यात शिक्षक म्हणून आयुष्य काढले. दरवर्षी २२ सप्टेंबरला, भाऊरावांच्या जयंतीला, मुलांची भाषणे बसवून घेण्याचे काम माझ्याकडे असे. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले हा प्रसंग प्रत्येक भाषणात यायचा आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे. पण १९४८ साली सरकारने याच संस्थेचे अनुदान बंद केले होते, हा प्रसंग फार थोड्या भाषणांत आला. मला मात्र वाटते की पहिला प्रसंग नीट समजायचा तर दुसराही माहीत हवा. आज पुन्हा एकदा शाळांतून संस्कार, मूल्ये, चारित्र्य यांसाठी सरकारने पैसा द्यावा की नाही, आणि दिला तर कशावर, अशी चर्चा चालते. त्या चर्चेत भाऊरावांचे चरित्र उघडून ठेवण्यासारखे आहे.

ही चर्चा तशी जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने आपल्याकडे खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतर १८८२ साली हंटर आयोग बसला. सर्व धर्मांना मान्य होतील अशा तत्त्वांवर महाविद्यालयांसाठी एक नीतिपाठांचे पुस्तक तयार करावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. आयोगाचे एक सभासद न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांना ती पटली नाही आणि त्यांनी आपली असहमती स्वतंत्र टिपणात नोंदवली. त्याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, याकडे त्यांनी बोट दाखवले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. फुल्यांचे आणि आपल्या नगरचे नाते जवळचे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये, सिंथिया फॅरार बाईंकडे. रयतेच्या पैशाचा हा प्रश्न पुढे ज्याने हाती घेतला, त्याने आपल्या संस्थेच्या नावातच रयत हा शब्द ठेवला.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावचा. घराणे जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. अभ्यासात ते कधीच चमकले नाहीत. मॅट्रिकची पायरीही त्यांना चढता आली नाही. पुढे ज्याच्या संस्थेतून हजारो पदवीधर बाहेर पडले, त्याची स्वतःची शाळा अर्ध्यावर राहिली.

या वसतिगृहातच त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा धडा घडला आणि तो कुठल्याही पुस्तकातला नव्हता. १९०८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय जेवणघरात पाऊल टाकायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. आता गंमत पाहा. ते वसतिगृह काही वाईट हेतूने चालवलेले नव्हते. मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणूनच समाजाने पैसा जमवून ते उभे केले होते. स्नान, पूजा, सोवळे हा तिथल्या चारित्र्यशिक्षणाचाच भाग होता. त्या शिक्षणाला नकार देऊन भाऊरावांचे चारित्र्य घडले. संस्कारांसाठी निधी मागणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये. कोणते संस्कार, आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न पैशाच्या आधी येतो.

दुसरा प्रसंग १९१४ चा. कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासले गेले आणि संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. लठ्ठे म्हणजे भाऊरावांना जिथून बाहेर पडावे लागले त्या वसतिगृहाच्या चालकांपैकी वजनदार गृहस्थ. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुना राग काढायला याहून चांगली संधी कोणती? भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना अटक झाली, कोठडीत हाल झाले, त्या छळाला कंटाळून त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. याहून विशेष गोष्ट पुढची आहे. हे सारे शाहू महाराजांच्या राज्यात घडले होते. तरी पुढे आपल्या वसतिगृहाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा भाऊरावांनी शाहू महाराजांचेच दिले. स्वतःला झालेला त्रास एका बाजूला आणि त्या राजाने बहुजनांच्या शिक्षणासाठी केलेले काम दुसऱ्या बाजूला, असा हिशेब त्यांनी मांडला आणि काम जड ठरवले.

कोल्हापूर सुटल्यावर पोटासाठी त्यांनी नाना उद्योग केले. त्यातला महत्त्वाचा किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचा. लोखंडी नांगर विकायला हा माणूस गावोगाव हिंडला, शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसला, त्यांच्या पंगतीला जेवला. खेड्यातला शेतकरी कुठे अडतो हे त्यांना कुणी अहवालातून सांगावे लागले नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्याला आले आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजी साताऱ्यात आले तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचे नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे ठेवण्यात आले.

या बोर्डिंगात नीतिपाठाचा तास नव्हता. मुले पहाटे उठत, पाणी भरत, दळण-कांडण करत, पाळीपाळीने स्वयंपाक करत. महार, मांग, मराठा, ब्राह्मण, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला बसत. ज्या काळात गावविहिरीवर कुणाचा घडा लागला यावरून डोकी फुटत, त्या काळात शेजारच्या मुलाने थापलेली भाकरी न विचारता खायची हा रोजचा शिरस्ता होता. समतेवर व्याख्यान देण्याची गरज उरली नाही, कारण समता न पाळणाऱ्याला उपाशीच राहावे लागले असते.

लक्ष्मीबाई या घरच्या कर्त्या. कडक सोवळ्याच्या घरातून आलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. भाऊराव वर्गणीसाठी फिरतीवर असायचे आणि कोठीत धान्य संपलेले असायचे. एकेक करून तिचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली ती वारली. या त्यागापुढे कुणाचीही मान झुकेल. पण आमच्या मुलांच्या भाषणांत मला एक गोष्ट खटके. त्या मंगळसूत्राचे कौतुक करताना आपण एक साधा प्रश्न विचारायला विसरतो. शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या मुलांना दोन वेळा भाकरी मिळावी यासाठी एका बाईला मंगळसूत्र का विकावे लागले? तो सारा कुठे जात होता? फुल्यांचा १८८२ चा प्रश्न अजून जिवंत होता, एवढाच याचा अर्थ.

भाऊराव सरकारी पैशाच्या विरोधात होते असा एक समज आहे. तो बरोबर नाही. स्वावलंबन हे त्यांचे ब्रीद होते, पण सरकारी तिजोरीतला पैसा हा रयतेचाच पैसा आहे हे ते कधी विसरले नाहीत. १९३५ साली त्यांनी साताऱ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कॉलेज काढले. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता, म्हणून त्याला सिल्व्हर ज्युबिली हे नाव दिले. काम होत असेल तर नावासाठी अडून बसायचे नाही, हा त्यांचा व्यवहार. १९३७ साली प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि अर्थखाते होते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे, डांबर प्रकरणातल्या त्याच लठ्ठ्यांकडे. पुढच्या दहा वर्षांत संस्थेने डोंगरकपारीतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या पाचशेहून अधिक ठिकाणी व्हॉलंटरी शाळा चालवल्या. गावाने जागा द्यायची, संस्थेने शिक्षक द्यायचा आणि सरकारने अनुदान द्यायचे, असा तो तिघांचा संसार होता.

१९४० साली साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. विनामूल्य, निवासी आणि कमवा आणि शिका या तत्त्वावर चालणारे. मुलांनी माळ फोडला, दगड वाहिले, बागा केल्या, इमारतींच्या भिंती उभारल्या. फीऐवजी श्रम. गरिबाच्या मुलाला दान घेतल्याची लाज वाटू नये आणि शिकलेल्या मुलाला घाम गाळण्याची लाज वाटू नये, अशी दोन्ही टोके त्यात साधली होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. मोठी देणगी देतो, कॉलेजचे नाव बदला, असे सुचवणाराही एक धनिक भेटला. भाऊरावांनी त्याला वाटेला लावले. ज्युबिलीचे नाव घेणारा हा माणूस इथे मात्र अडून बसला. कुठे वाकायचे आणि कुठे नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

आणि मग आले १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच वर्षी मुंबई सरकारने रयतचे अनुदान बंद केले. भाऊरावांची जाहीर भाषणे आणि त्यांची राजकीय जवळीक सरकारला रुचली नव्हती. खेर हे काही शिक्षणाचे वैरी नव्हते. गांधीजींच्या नई तालीमचा, हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा पुरस्कार करणारेच ते होते. म्हणजे ज्या प्रकारचे चारित्र्यशिक्षण सरकारला तत्त्वतः हवे होते, ते देणाऱ्या संस्थेचेच दार सरकारने बंद केले. भाऊराव मागे हटले नाहीत. गावोगावी धान्य गोळा झाले आणि शिक्षकांनी ओढगस्त सोसून शाळा चालू ठेवल्या. शेवटी गाडगेबाबा मध्ये पडले. फाटक्या कपड्यांतला तो संत थेट खेरांकडे गेला, भाऊरावांच्या कामाची रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

गोष्ट गोड झाली, पण तिच्यात एक काटा आहे. प्रत्येक संस्थेच्या पाठीशी गाडगेबाबा नसतात. सरकारवर टीका केली म्हणून हजारो मुलांच्या शाळेचे पैसे अडत असतील, तर त्या मुलांना आपण कोणते मूल्य शिकवतो? गप्प बसणाऱ्याला पगार मिळतो, हे. नीतीच्या दहा पुस्तकांनी तो धडा पुसला जाणार नाही.

याच सुमारास आपल्या जिल्ह्याचे चित्र बदलत होते. भंडारदऱ्याच्या पाण्याने प्रवरेचा काठ हिरवा झाला होता. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पैसा आला, पण शाळा कुठे होती? त्या काळातल्या सहकाराच्या कर्त्या माणसांनी भाऊरावांची वाट ओळखली. प्रवरानगरचे महात्मा गांधी विद्यालय रयतचेच. श्रीरामपूरला बोरावके यांच्या नावाचे, कोपरगावला सद्गुरू गंगागीर महाराजांच्या नावाचे आणि दुष्काळी कर्जतला दादा पाटलांच्या नावाचे कॉलेज पुढे उभे राहिले, तेही रयतच्याच झाडाखाली. ऊस पिकवणाऱ्या आणि ज्वारी पिकवणाऱ्या, दोन्ही नगर जिल्ह्यांना जोडणारा हा एक धागा होता. भाऊरावांनी यातले थोडेच पाहिले. १९५९ च्या जानेवारीत त्यांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी केंद्र सरकारने शाळांतील धार्मिक व नैतिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई राज्याचेच राज्यपाल श्रीप्रकाश. दिवसाच्या कामाची सुरुवात काही मिनिटांच्या मौन चिंतनाने व्हावी, अशा सूचना त्या समितीने केल्या. घटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण देता येत नाही, तेव्हा नीतीचे शिक्षण धर्माच्या बाहेर कसे द्यायचे, ही त्यांची अडचण होती. भाऊरावांनी ती अडचण पस्तीस वर्षांपूर्वी चुलीपाशी सोडवली होती. पुढे १९९७ साली महाराष्ट्रात मूल्यशिक्षण आले. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्ये परिपाठात बसली. यादी उत्तमच होती. आम्ही ती भिंतीवर रंगवून घेतली, मुलांनी पाठ केली. पण श्रमप्रतिष्ठेचा तक्ता ज्या भिंतीवर होता, तिच्याखालचा वर्ग झाडायला शिपाईच येत असे. मुलांना झाडू दिला तर पालकांची तक्रार येई. त्या पालकांनाही मी सरसकट दोष देत नाही. गरिबाच्या पोरानेच झाडायचे आणि सावकाराच्या पोराने वहीत श्रमप्रतिष्ठा लिहायची, असे होऊ लागले तर तक्रार योग्यच आहे. रयतच्या बोर्डिंगात झाडू सगळ्यांच्या हाती होता, म्हणून त्याला अर्थ होता.

तेव्हा चारित्र्याला अनुदान मिळते का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. चारित्र्याच्या तासाला अनुदान दिले तर तक्ते, पुस्तिका आणि शिबिरांची बिले मिळतील. चारित्र्य जिथे घडते त्या जागेला मात्र अनुदान देता येते आणि दिलेच पाहिजे. ती जागा म्हणजे एकत्र जेवणाची पंगत, सर्व जातींचे वसतिगृह, शाळेची बाग आणि पोटाची चिंता नसलेला शिक्षक. ज्या शाळेत शिक्षकाला वर्षानुवर्षे टप्पा अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहावी लागते, तिथे त्याने मुलांना प्रामाणिकपणा शिकवावा अशी अपेक्षा करताना आपल्यालाच थोडे अवघडायला हवे. लक्ष्मीबाईंचा त्याग ही आपल्याला वाट दाखवणारी गोष्ट आहे, सरकारने खर्च वाचवण्यासाठी पुढे करायची सबब नव्हे. आणि दिलेल्या पैशाचा हिशेब सरकारने पैन् पै घ्यावा, पण संस्थेच्या तोंडाला कुलूप घालण्यासाठी तो पैसा वापरू नये.

हे सगळे फार मोठ्या धोरणाचे बोलणे वाटेल, म्हणून आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सांगतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांची मुले गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. भाऊरावांचे बोर्डिंग आज कुठे असते असे कुणी विचारले तर मी याच वसतिगृहांकडे बोट दाखवीन. तिथे जेवणाला माणशी किती पैसे मंजूर आहेत, ते गाळप सुरू होण्यापूर्वी पोचतात का, सगळी मुले एका पंगतीला बसतात का आणि रात्री त्यांच्याजवळ थांबणाऱ्या माणसाला काय मिळते, हे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुठलाही पालक विचारू शकतो. समितीत बहुसंख्य पालकच असतात, कायद्यानेच तसे ठरवले आहे. यंदा गावातली पहिली बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर कारखान्याकडे निघण्याआधी एवढे प्रश्न विचारून ठेवावेत.